पंडिता रमाबाई : कसोटीला उतरलेली श्रद्धा

आमच्या बडोद्याच्या घरात पंडिता रमाबाईंचे नाव दोन तऱ्हांनी घेतले जाई. ओसरीवर बसणाऱ्या पुरुषमंडळींत ते निघाले, की केवढी विद्वान बाई, पण धर्म सोडला, एवढे म्हणून विषय संपवीत आणि पानाचे तबक पुढे ओढीत. स्वयंपाकघरात मात्र ते नाव हलक्या आवाजात निघे. ते घेणारी होती माझ्या आजोबांची थोरली बहीण. तिला आम्ही मुले आत्याआजी म्हणत असू. तिला अकराव्या वर्षी वैधव्य आले. ते साल संवत १९५६ चे, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चे. गुजराथेतल्या जुन्या घरांतून त्या वर्षाच्या दुष्काळाला छप्पनियो म्हणतात, आणि त्याच्या हकीकती आमच्या लहानपणापर्यंत ताज्या होत्या.

त्या वर्षी गावात बोलवा उठली, की पुण्याकडची एक ब्राह्मण बाई गुजराथेतून निराधार मुली गोळा करून घेऊन जाते, त्यांना जेवू घालते आणि लिहावाचावयास शिकविते. आत्याआजीच्या मामांनी भीतभीत सुचविले, की पोरीला केडगावास पाठवावे, चार अक्षरे शिकेल. पणजोबांनी ते ऐकूनही घेतले नाही. ती बाई ख्रिस्ती करते, हे एकच उत्तर. आत्याआजी घरीच राहिली आणि पुढची साठ वर्षे चुलीपुढे काढली. भाच्यांच्या पाट्या पुसता पुसता ती अक्षरे शिकली, ती तिची सगळी शाळा.

मी शाळेत असताना मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून देवदत्त नारायण टिळकांनी लिहिलेले रमाबाईंचे चरित्र घरी आणले होते. ते पुस्तक १९६० साली निघालेले. दुपारी आत्याआजी तांदूळ निवडीत बसे आणि मी तिला ते वाचून दाखवी. पुस्तक संपले तेव्हा तिने मला एक प्रश्न विचारला. देवाने ह्या बाईची आई नेली, बाप नेला, बहीण, भाऊ, नवरा, शेवटी पोटची मुलगीसुद्धा नेली. तरी हिचा देवावरचा विश्वास उडाला कसा नाही? चौदा-पंधरा वर्षांच्या मुलापाशी ह्याचे उत्तर कोठून असणार? मी काहीतरी बोलून उठून गेलो.

आता मी आत्याआजीच्या त्या वेळच्या वयाच्याही पुढे आलो आहे. मध्यंतरी घरात दोन मृत्यू असे झाले, की देवघरात दिवा लावणेही मला नकोसे झाले होते. त्या दिवसांत तो जुना प्रश्न परत समोर आला आणि मी रमाबाईंचे चरित्र पुन्हा वाचावयास घेतले. धर्मांतर बरे की वाईट, हा वाद सोडविण्यासाठी नव्हे. एका माणसाची श्रद्धा इतक्या आघातांतून कशी टिकली, एवढेच मला पाहावयाचे होते. जे दिसले ते येथे सांगतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागात, गंगामूळ येथील रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे संस्कृत पंडित. तरुणपणी पुण्यास असताना आपले गुरू पेशव्यांच्या राणीला संस्कृत शिकवितात, हे त्यांनी पाहिले होते, आणि आपल्याही बायकोला शिकवावे हे त्यांच्या मनाने तेव्हाच घेतले. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांच्या विरोधामुळे ते साधले नाही. ती वारल्यावर यात्रेत असताना गोदावरीच्या काठी एका गृहस्थाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना दिली. त्या लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकविले. स्त्रीला देववाणी शिकविली म्हणून शास्त्र्यांच्या सभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला, आणि तो त्यांनी शास्त्राधारे दिला. नंतर ते रानात जाऊन राहिले. पुढे लक्ष्मीबाईंनीच धाकट्या रमेला पहाटे उठवून, मांडीवर घेऊन श्लोक पाठ करून घेतले.

रमा सहा महिन्यांची असताना हे कुटुंब यात्रेला निघाले. वेताच्या पेटीत घालून मुलीला डोक्यावरून नेले. तेव्हापासून त्या घराला कायमचे छप्पर उरले नाही. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावयाचे, लोक जे धान्य, वस्त्र, दक्षिणा देतील त्यावर राहावयाचे, आणि उरेल ते पुन्हा ब्राह्मणांना दान द्यावयाचे, असा क्रम होता. अनंतशास्त्र्यांची निष्ठा अढळ होती. व्रते, उपवास, जप, तीर्थस्नाने ह्यांनी देव प्रसन्न होतो, ह्याविषयी त्यांच्या मनात किंतु नव्हता.

मग मद्रास इलाख्यातला दुष्काळ आला. शास्त्र्यांच्या मुलांना मजुरी ठाऊक नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटे. होते नव्हते ते विकून झाले. दागिने आणि भांडी तर गेलीच, पण त्या काळात देवांना दान देण्यातही पैसा गेला, कारण संकट टळावे म्हणून अनुष्ठाने चालूच होती. शेवटी रानातला पाला खाण्याची पाळी आली. वडिलांनी पवित्र तळ्यात देह ठेवावा असे ठरविले. तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला, की आपण मोलमजुरी करू, पण असे मरू नये. ही मजुरी सुरू होण्यापूर्वीच वडील गेले. ते साल १८७४. मरणापूर्वी त्यांनी रमेला जवळ घेऊन सांगितले, की मी तुला देवाच्या हाती दिले आहे, आता तू त्याची. काही महिन्यांत आई गेली. तिच्यासाठी भाकरीचा तुकडा मागावयास रमा शेजारच्या घरी गेली, तर तोंडातून शब्द फुटेना. आईचे प्रेत न्यावयास माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले, चौथा खांदा रमेचा. आणि उंची कमी म्हणून तिला तिरडी डोक्यावर घ्यावी लागली. पुढे थोरली बहीणही पटकीने गेली.

ज्यांनी आयुष्यभर सगळे विधी केले त्यांच्या वाट्याला हे मरण आले. पुण्य साठवून ठेवावे आणि संकटात ते कामी यावे, ह्या हिशेबावरचा रमाबाईंचा विश्वास येथे ढासळला. मात्र वडिलांचे शेवटचे शब्द मनातून गेले नाहीत. ज्याच्या हाती दिले तो कोण, कसा आहे, हे कळत नव्हते. दिले आहे, एवढेच माहीत होते.

बहीणभाऊ दोघेच उरले आणि हजारो मैल पायी हिंडले. झेलमच्या काठी थंडीत अंगावर पुरेसे पांघरूण नव्हते, तेव्हा वाळूत खड्डे खणून, गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन त्यांनी रात्री काढल्या. १८७८ साली ती कलकत्त्यास पोचली. वीस वर्षांची मुलगी संस्कृतात अस्खलित बोलते, भागवताचे हजारो श्लोक तिला मुखोद्गत आहेत, हे पाहून तेथल्या पंडितांनी तिला पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या. येथेच एका ख्रिस्ती सभेला त्या दोघांना बोलावले होते. मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून प्रार्थना करीत होती, तेव्हा हे लोक खुर्च्यांची पूजा करतात की काय, असे बहीणभावाला वाटले. कोणी तरी बायबलाचे संस्कृत भाषांतर दिले, पण त्यातले संस्कृत त्यांना काही वेगळेच वाटले. म्हणजे ह्या धर्माशी त्यांची पहिली भेट अशी गमतीची झाली.

कलकत्त्यात केशवचंद्र सेनांनी रमाबाईंना वेद वाचावयास दिले. धर्मशास्त्रे त्यांनी स्वतः वाचली, आणि स्त्रीला स्वतःच्या बळावर मोक्षाचा अधिकार नाही हे तेथे पुन्हा पुन्हा पाहून त्यांचे मन जुन्या वाटेवरून उठले. १८८० साली ढाक्यास श्रीनिवास वारला. मरताना भावाला एकच चिंता होती, बहिणीचे कसे होईल ही. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणीपद्धतीने विवाह केला. जात वेगळी, भाषा वेगळी. दोघे आसामात सिल्चर येथे राहिली. पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकचे शुभवर्तमान बंगालीत सापडले आणि ते आवडले. पतीला मात्र हे रुचले नाही. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबाबू पटकीने गेले. संसार एकोणीस महिन्यांचा झाला.

चोवीस वर्षांची विधवा, कडेवर दहा महिन्यांचे मूल. त्या पुण्यास आल्या. रानडे, भांडारकर ह्यांच्या प्रार्थनासमाजाच्या मंडळींनी त्यांना आपले म्हटले. त्यांनी आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर आणि शिक्षिका हव्यात असे ठासून सांगितले. स्वतः वैद्यकी शिकण्यासाठी १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशाचा त्यांना ह्या प्रवासात आधार झाला. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या उतरल्या. निघताना धर्म बदलण्याचा विचार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते.

लंडनच्या फुलम भागात ह्या भगिनींचे एक घर होते. समाजाने टाकून दिलेल्या बायकांना तेथे ठेवून घेत, शुश्रूषा करीत. रमाबाईंना आश्चर्य वाटले. आपल्याकडे अशा बाईची सावलीही नको, आणि येथे हिच्याशी मायेने वागतात, हे कशामुळे? तेव्हा एका भगिनीने त्यांना विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. काशीचे नीलकंठशास्त्री गोरे, जे पूर्वी स्वतःच ख्रिस्ती झाले होते, त्यांच्याशीही त्यांचा पत्रांतून वाद चालू होता. गोऱ्यांच्या युक्तिवादाबरोबर त्यांच्या नम्र स्वराचाही परिणाम झाल्याचे रमाबाईंनी पुढे कबूल केले. ह्याच दिवसांत त्यांच्याबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत ह्यांनी आत्महत्या केली. परक्या देशात, परक्या घरी, आपल्या एकुलत्या सोबतिणीचा असा अंत पाहणे हा भयंकर धक्का होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पुष्कळांच्या मते गोष्ट येथे संपते. टीका करणारे म्हणतात येथे बाई गेली; स्तुती करणारे म्हणतात येथे तिला सत्य सापडले. मला मात्र चरित्र वाचताना वाटले, की खरी गोष्ट येथे सुरू झाली.

कारण बाप्तिस्मा घेतल्यावर रमाबाईंनी प्रश्न विचारणे थांबविले नाही. चेल्टनम येथे मुलींच्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत आणि इंग्रजी, गणित, शास्त्रे शिकत. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे वैद्यकीचा विचार सोडावा लागला होता. तेथल्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील आणि वाँटेजच्या भगिनी जेराल्डिन ह्यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार आज छापलेला आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य मला समजत नाही, समजल्यावाचून मी मानणार नाही, अशी त्यांची भूमिका. मी ख्रिस्ताच्या विश्वव्यापी मंडळीत आले आहे, कोण्या एका पंथाच्या दावणीला नव्हे, हीही. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे हिंदुस्थानातल्या बिशपांनी सुचविले, तेव्हा त्या चिडल्या. आपल्या देशात आपण पुरुषांच्या सभांतून बोललो आहोत, ह्यात लाज कसली, असे त्यांनी विचारले. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला? आपल्या लोकांना ती ना समजत ना त्यांच्या मनाला भिडत. त्यापेक्षा संस्कृत बरे. मांसाहार त्यांनी अखेरपर्यंत केला नाही. गुरुस्थानी असलेल्या भगिनीला हा अहंकार वाटला. पण ह्या बाईने आपल्या घरच्या शास्त्र्यांची आज्ञा प्रश्न विचारल्याशिवाय मानली नव्हती. मग परक्या शास्त्र्यांची ती कशी मानणार? धर्म बदलला, पण बुद्धी गहाण पडली नाही. अनंतशास्त्र्यांची मुलगीच ती.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या, त्यांच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर होत होत्या त्या समारंभासाठी. तेथे त्या तीन वर्षे राहिल्या, गावोगाव व्याख्याने दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली लिहिले. बोस्टनमध्ये त्यांच्या नावाने मंडळ स्थापन झाले आणि दहा वर्षे मदत द्यावयाचे ठरले. अट अशी, की विधवांच्या ह्या शाळेत कोणत्याच धर्माची शिकवण द्यावयाची नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदासदन उघडले. पुढे धोंडो केशव कर्वे ह्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई ह्या तेथल्या आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी. पुढच्या वर्षी सदन पुण्यास आले.

ह्याच सुमारास, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, रमाबाईंच्या मनात एक गोष्ट उलगडली. तिचा उल्लेख त्यांनी आपल्या आत्मकथनात केला आहे. आपण ख्रिस्ती धर्म बुद्धीने स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला भेटला नाही, असे त्यांना दिसून आले. शोध चालू होता तो मताचा. आता त्यांना हवा होता आधार. मला ही कबुली सर्वांत मोठी वाटते. ज्या निर्णयापायी सगळा देश उलटला, त्याविषयी आठ वर्षांनी असे म्हणावयाचे, की तो निर्णय अपुरा होता, हे धैर्य थोड्यांना होते.

आणि ह्यानंतर लगेच परीक्षा आली. रमाबाई आपल्या खोलीत सकाळी मनोरमेला घेऊन प्रार्थना करीत. दार लावून घेत नसत. सदनातल्या काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. पुण्यात गवगवा झाला. केसरीने कडक टीका केली. सल्लागार मंडळातल्या रानडे, भांडारकर ह्यांच्यासारख्या हितचिंतकांनी १८९३ साली आपली नावे काढून घेतली. पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या.

ह्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी विचार करावा असे मला वाटते. ज्या पालकांनी मोठ्या विश्वासाने विधवा मुली पाठविल्या, त्यांची भीती खोटी नव्हती. आणि लहान मुलींवर आवडत्या गुरूचा प्रभाव न सांगताही पडतो, हे रानड्यांसारख्या न्यायाधीशाला कळत होते. पण रमाबाईंचे म्हणणेही सरळ होते. मी कोणाला बोलावीत नाही. घरातल्या इतरांना जशी आपापल्या देवाची पूजा करण्याची मोकळीक, तशी मलाही हवी. आणि माझी प्रार्थना मी चोरून करणार नाही. दार लावून घेतले असते तर संस्था कदाचित वाचली असती. त्यांनी ते लावले नाही. पुण्यातले सारे मोठे आधार एका झटक्यात तुटले; बोस्टनचे मंडळ मात्र पाठीशी राहिले.

इंग्लंडातल्या वादात त्या आपल्या मतासाठी झगडल्या. पुण्यातल्या वादानंतर झगडा कमी झाला आणि काम वाढले. केडगावास, पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर, त्यांनी शेतजमीन घेतली होती, की मदत थांबली तरी फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावे. १८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तेथे गेल्या. उपाशी मुली, हाडांचे सापळे, आणि त्यांना पळवावयास टपलेली माणसे हे सारे त्यांनी पाहिले. वीस वर्षांपूर्वीची आपणच तेथे त्यांना दिसली असणार. सुमारे तीनशे मुली घेऊन त्या परतल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता. नव्या मुलींना शहरात ठेवता येईना, म्हणून केडगावच्या माळावर गवती झोपड्या उभ्या राहिल्या. हेच मुक्तिसदन. प्लेगच्या छावणीत आपल्या एका मुलीची आबाळ झाली, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रात लिहून सरकारवर उघड आरोप केला. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे, म्हणून त्यांनी जीभ आवरली नाही. १८९८ साली बोस्टनच्या कराराची दहा वर्षे संपली, आणि त्यानंतर केडगावची संस्था उघडपणे ख्रिस्ती झाली.

मग आमच्या गुजराथेतला छप्पनियो आला, आणि केडगावची माणसे इकडे आली. शेकडो मुली तिकडे गेल्या. त्या काळात मुक्तिसदनातली संख्या दोन हजारांच्या जवळ गेली होती. एवढ्यांना पुरेल असे पाणी हवे, म्हणून विहिरी खणल्या. धान्य हवे, म्हणून शेती, गाईगुरे. हाताला काम हवे, म्हणून विणकाम, तेलाचा घाणा, शिवणकाम, छापखाना. फसविल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन काढले, फुलमच्या त्या घराची आठवण म्हणा. आंधळ्या मुलींना मनोरमेने बोटांनी वाचावयाची लिपी शिकविली. पुढे निजामाच्या राज्यात गुलबर्ग्यासही मुलींची शाळा निघाली आणि तिचा भार मनोरमेने घेतला. ह्या पसाऱ्याला ठरलेले उत्पन्न नव्हते. उद्याचे धान्य कोठून येणार हे कित्येकदा ठाऊक नसे. वडील देवावर भार टाकून अनुष्ठानाला बसत. मुलगी देवावर भार टाकून विहीर खणावयास लागली. बापलेकीच्या श्रद्धेतला फरक मला ह्या एका गोष्टीत दिसतो, आणि साम्यही.

१९०५ साली मुक्तिसदनात प्रार्थनेची एक मोठी लाट आली. मुली तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, हसत. परदेशी मिशनरींपैकी कित्येकांना हे शिस्तीला सोडून वाटले. आपल्या लोकांनी आपल्या रीतीने देवाला आळवले तर बिघडले कोठे, अशी रमाबाईंची भूमिका. क्रूसावर लॅटिन नको म्हणणारी तीच ही बाई. मात्र आता तिच्या बोलण्यातला कडवटपणा गेलेला होता.

ह्याच सुमारास त्यांनी बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतर खेड्यातल्या बाईला जड जाते, असे त्यांचे मत. त्यासाठी पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कलकत्त्याच्या पंडितांना जिने संस्कृताने थक्क केले, तिने आपले शेवटले काम संस्कृतशब्द टाळून सोपे मराठी लिहिण्याचे मानले. खिळे जुळविणे, मुद्रिते तपासणे, छापणे, हे सारे केडगावच्या मुलींनीच केले. हे काम सुमारे सतरा वर्षे चालले.

त्याच्या अखेरीस शेवटला घाव आला. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. वय अवघे चाळीस. आईनंतर संस्था हीच चालविणार असे सगळे धरून चालले होते. वेताच्या पेटीतून निघालेल्या त्या यात्रेतले आता रमाबाईंपाशी स्वतःचे असे कोणी उरले नाही. त्या स्वतःही आजारी होत्या आणि कानांनी जवळजवळ बहिऱ्या. त्यांनी शोक केला, आणि पुन्हा मुद्रिते तपासावयास बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांचे देहावसान झाले. अखेरची मुद्रिते आदल्या रात्रीच पुरी झाली होती, असे सांगतात. छापलेले संपूर्ण पुस्तक १९२४ साली बाहेर आले. मुक्तिसदन आजही केडगावास आहे. १९८९ साली भारत सरकारने रमाबाईंचे तिकीट काढले, तेव्हा ओसरीवरची ती पिढी आमच्या घरात उरली नव्हती.

आता आत्याआजीचा प्रश्न. इतके सगळे जाऊनही हिचा विश्वास उडाला कसा नाही?

मला वाटते, तो उडाला. एकदा नव्हे, अनेकदा. रामेश्वरापासून द्वारकेपर्यंतच्या तीर्थांवरचा विश्वास दुष्काळात उडाला. शास्त्रांवरचा कलकत्त्यास उडाला. धर्मगुरूंच्या अधिकारावरचा चेल्टनमला उडाला. आपण बुद्धीने पत्करलेल्या मतावरचा पुण्यास उडाला, आणि मोठ्या माणसांच्या आधारावरचाही तेथेच. दर खेपेस जे गळून पडले ते रमाबाईंनी उगीच धरून ठेवले नाही, आणि ते गळले म्हणून सगळेच खोटे असेही म्हटले नाही. देवाच्या हाती दिली आहे, हे वडिलांचे शेवटचे शब्द तेवढे राहिले. देवाचे नाव बदलले, पूजेची रीत बदलली, पण ते दिलेपण बदलले नाही. लहान मुलाची श्रद्धा मला काही होऊ नये म्हणून असते. प्रौढ माणसाची श्रद्धा, जे व्हावयाचे ते झाल्यावरही उठून कामाला लागता यावे म्हणून असते. रमाबाईंच्या बाबतीत ही दुसरी श्रद्धा बाप्तिस्म्याच्या दिवशी तयार मिळाली नाही. ती चाळीस वर्षांत, एकेक मरण आणि एकेक अपमान सोसून वाढली.

मी ख्रिस्ती नाही, होणारही नाही. आमच्या देवघरात कुलस्वामिनीचा टाक आहे आणि दिवा मी पुन्हा लावू लागलो आहे. पण तो लावताना मागण्यांची जुनी यादी आता मनात येत नाही, आणि ह्याचे थोडे श्रेय केडगावच्या त्या बाईंचे आहे.

राहून राहून एकच गोष्ट बोचते. रमाबाईंनी बदनामी सोसून आपले दार उघडे ठेवले. आमच्या घराने धर्म राखण्यासाठी ते लावून घेतले, आणि आत अकरा वर्षांची एक मुलगी राहिली. पणजोबांना मी दोष देत नाही. त्यांच्या भीतीला कारण होते. परंतु ती भीती त्यांची होती आणि किंमत आत्याआजीने भरली. तिने कधी तक्रार केली नाही. पुस्तक संपल्यावर तो प्रश्न विचारून तिने तांदळातले खडे बाजूला काढले आणि सूप उचलून आत गेली. तिच्या स्वतःच्या विश्वासाचे काय झाले होते, हे मी तिला उलट विचारावयास हवे होते.